भाड्याची खोली, आपला थाट

‘भाड्याचे घर आणि खाली कर’ अशी मराठीत एक म्हण आहे. घर भाड्याचे असले की मालक कधी ‘खाली कर’ म्हणेल ह्याचा नेम नाही, तेव्हा त्यात जीव फार गुंतवू नये, असा तिचा रोख. म्हण करणाऱ्याने ती अनुभवानेच केली असेल. पण तिचा आधार घेऊन आपल्यातली पुष्कळ माणसे भाड्याच्या घरात वर्षानुवर्षे रेल्वेच्या फलाटावर बसल्यासारखी राहतात. खोकी बांधलेली, भिंती उघड्या, डोक्यावर एक पांढरी ट्यूब आणि खिडकीला मागच्या भाडेकरूने सोडलेला पडदा. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘‘थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे.’’ हे थोडे दिवस आपल्याच आयुष्यातून वजा होत असतात, हे मात्र कोणी ध्यानात घेत नाही. आजचा हा लेख त्याविषयी आहे, आणि तोही घरातल्या एकाच खोलीविषयी, म्हणजे निजायच्या खोलीविषयी.

इस्राएलमधल्या आपल्या कित्येक कुटुंबांच्या दारात हा प्रश्न सध्या येऊन उभा आहे. आपले लोक ज्या जुन्या शिकूनमध्ये राहिले, त्या इमारती आता ‘पिनुई-बिनुई’त जात आहेत. परदेशी राहणाऱ्या वाचकांसाठी सांगते : जुनी इमारत पाडायची, तिच्या जागी उंच नवी बांधायची, जुन्या रहिवाशांना तिच्यात नवे घर द्यायचे आणि बांधकाम चालू असेपर्यंत त्यांचे दुसरीकडचे भाडे बांधणाऱ्याने भरायचे, अशी ही योजना. अशदोदमधली आमची चारमजली इमारत अशीच गेली. २०२४ साली मी चावी दिली आणि दोन रस्ते पलीकडे तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात आले. बांधकामाला चार वर्षे लागतील असे कागदावर लिहिले आहे. कागदावरची चार वर्षे प्रत्यक्षात किती होतात, हे आपण सारे जाणतो.

सामान लावायला नणंदबाई आल्या होत्या. त्याही अशाच दुसऱ्या एका इमारतीतून उठून भाड्याने राहत होत्या. मी पडद्याचे कापड मापत होते. त्या म्हणाल्या, ‘‘वहिनी, अगं चार वर्षांसाठी पडदे कसले शिवतेस? नव्या घरात शिव. माझी तर अकरा खोकी अजून उघडलेली नाहीत. दोन वर्षे झाली.’’

मी म्हटले, ‘‘ताई, चार वर्षांनी मी सत्तर वर्षांची होईन. म्हणजे साठीतली उरलेली वर्षे मी दुसऱ्याच्या पडद्यामागे काढू का?’’

त्या काही बोलल्या नाहीत. पण मलिद्याचा विषय निघाला तेव्हा पुन्हा म्हणाल्या, ‘‘मलिदा नव्या घराचा करायचा. भाड्याच्या घराचा कोण करतो?’’ मी केला. पोहे तेच, गूळ-खोबरे तेच आणि एलियाहू हन्नावीचे नावही तेच. घर कोणाच्या नावावर आहे, हे त्या ताटाला कोणी विचारत नाही.

वास्तविक भाड्याच्या खोलीत थाटाने राहण्याची विद्या आपल्या लोकांना नवी नाही. मुंबईत मांडवी, डोंगरी, उमरखाडी ह्या भागांत आपल्या कितीतरी पिढ्या चाळींतल्या भाड्याच्या खोल्यांत वाढल्या. जवळच सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली बांधलेले शाअर हारहमीम हे आपले सर्वांत जुने सिनेगॉग. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, आणि आजोबांनी घेतलेल्या खोलीत नातू लग्न करून राहू लागला. खोली मालकाची, पण मालकाचे नाव फक्त पावतीवर. निजायची वेगळी खोली कोणाकडे होती? एकाच खोलीत दिवसा बसायचे, जेवायचे, अभ्यास करायचा आणि रात्री वळकट्या सोडायच्या. तरीसुद्धा शेजारच्या दोन खोल्या कधी एकसारख्या दिसल्या नाहीत. कोणाच्या ट्रंकेवर भरतकामाची चादर, कोणाच्या मांडणीवर आरशासारखी घासलेली पितळी भांडी, कोणाच्या खिडकीत तुळशीऐवजी सब्जाची कुंडी. रथातून स्वर्गात जाणाऱ्या एलियाहू हन्नावीची तसबीर मात्र बहुतेक सर्वांकडे, आणि तिची चौकटसुद्धा घरागणिक निराळी. त्या खोल्यांत सजावट हा शब्द कोणी वापरत नव्हते. माणूस राहतो म्हणजे त्याच्या राहण्याची खूण उमटणारच, असे सगळे धरून चालत.

मी १९७७ साली आईवडिलांबरोबर इस्राएलला आले तेव्हा आम्हांला सोखनुतच्या खाटा मिळाल्या. जुन्या वाचकांना त्या लोखंडी खाटा आठवत असतील. आम्हांला मिळाली तशीच मोरोक्कोहून आलेल्यांना, तशीच रुमानियाहून आलेल्यांना. सगळ्या घरांत एकच खाट, एकच पातळ गादी, एकच राखी घोंगडी. आईने पहिल्या रात्री ट्रंक उघडून त्या घोंगडीवर आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी पसरली. भिंतीला काही केले नाही, खुर्ची हलवली नाही. पण सकाळी शेजारीण मीठ मागायला आली, ती दारातच थांबून गोधडीकडे पाहत राहिली. भाषा तिला येत नव्हती आणि आम्हांलाही. तिने बोटाने धावदोऱ्याच्या ओळी दाखवल्या आणि मान डोलावली. त्या दिवसापासून आमचे घर ‘हिंदी लोकांचे घर’ न राहता ‘त्या चादरीवाल्यांचे घर’ झाले.

पुढे मी परिचारिका झाले आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ इस्पितळात काढला. इस्पितळातली खाट म्हणजे भाड्याच्या जागेतलीही भाड्याची जागा. तीन दिवस, आठ दिवस, फार तर महिना. पण तिथेसुद्धा मी पाहिले आहे की काही माणसे पहिल्या तासात आपले राज्य वसवतात. शेजारच्या कपाटावर तेहिलीमचे छोटे पुस्तक, नातवाने काढलेले चित्र, घरचा पेला, उशीवर घरचा अभ्रा. दुसरी काही माणसे शेवटपर्यंत कोट घालून बसल्यासारखी राहतात. वृद्ध माणसे इस्पितळात रात्री गोंधळतात, आपण कुठे आहोत हे विसरतात, उठून चालू लागतात. ह्यावर औषधाआधी जे उपाय आम्हांला शिकवले ते अगदी साधे होते : नजरेसमोर मोठ्या आकड्यांचे घड्याळ आणि कॅलेंडर ठेवा, चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी ठेवा, दिवसा उजेड येऊ द्या, रात्री झोपू द्या, आणि घरची एखादी ओळखीची वस्तू डोळ्यांसमोर असू द्या. म्हणजे खोलीत आपले काही असणे ही केवळ हौस नव्हे. जाग आल्यावर माणसाला आपण कोण आणि कुठे, हे सांगणारे काहीतरी लागते.

त्यावरून मी माझा एक नियम केला आहे. पाहुणा दारात उभा राहून खोली कशी पाहील ते सोडून द्यावे. निजायची खोली उशीवरून लावावी. नव्या खोलीत खाट मांडली की दिवसा दहा मिनिटे आणि रात्री दहा मिनिटे तिच्यावर आडवे व्हावे. समोर काय दिसते? उजवा हात लांब केला तर काय लागते? डोळ्यांत कुठला दिवा खुपतो? ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांत खोलीचे सगळे काम येते. बाकी भिंती रिकाम्या राहिल्या तरी चालतील.

मी आडवी झाले तेव्हा मला समोर पांढरी भिंत दिसली आणि वर पांढरी ट्यूब. सारा जन्म पांढऱ्या चादरी, पांढऱ्या भिंती आणि पांढऱ्या गणवेशात गेल्यावर निवृत्त परिचारिकेला आणखी पांढरे कशाला? पण आमच्या करारात लिहिले आहे की घर सोडताना भिंती पांढऱ्या करून द्याव्यात. रंग लावला तर जाताना तो पुसण्याचाही खर्च. म्हणून मी ठरवले की रंग कापडातून आणायचा. कापड घडी करून बरोबर नेता येते. पडदा डाळिंबी रंगाचा, उशांचे अभ्रे हळदी रंगाचे, आणि खाटेवर तीच आजीच्या लुगड्यांची गोधडी, आता फार विरलेली, म्हणून तिला खालून नवे सुती कापड लावून घेतले. तीन वस्तू, आणि खोली माझी झाली. पडद्यासाठी भिंतीला भोक पाडावे लागले नाही. खिडकीच्या दोन कडांमध्ये घट्ट बसणारा स्प्रिंगचा दांडा मिळतो, त्यावर हलका पडदा चांगला राहतो. जड कापड त्यावर घालू नये, दांडा घसरतो.

मग दिवा. वरची ट्यूब मी संध्याकाळनंतर लावतच नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत तसा उजेड हवा, निजायच्या खोलीत नको. बल्बच्या डब्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० च्या आसपासचा बल्ब पिवळसर, कंदिलासारखा उजेड देतो. ४००० च्या पुढे गेलात की इस्पितळ सुरू झाले. प्लगवर चालणारे दोन छोटे दिवे घेतले, एक खाटेशेजारी आणि दुसरा जमिनीजवळ, न्हाणीघराच्या वाटेवर. इलेक्ट्रिशियनला बोलवावे लागले नाही आणि जाताना दोन्ही माझ्याबरोबर येतील. खालचा दिवा आमच्या वयाच्या माणसांनी जरूर लावावा. रात्री अंधारात पडून मांडीचे हाड मोडलेली माणसे मी इतकी पाहिली आहेत की त्याबद्दल विनोद करवत नाही. त्याच कारणासाठी खाटेजवळ सुटा गालिचा नको. हवाच असेल तर त्याखाली न घसरणारी रबराची जाळी घालावी. खाटेची उंचीही पाहावी. कडेवर बसल्यावर पावले सपाट जमिनीवर टेकली आणि गुडघे काटकोनात आले तर ती उंची आपली. माझी खाट बुटकी निघाली, म्हणून सुताराकडून पायांखाली लाकडी ठोकळे बसवून घेतले.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. आमच्या समुद्रकाठच्या गावात हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीला दमट येते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. चार बोटे जागा सोडली की वारा खेळतो. भिंतच गळत असेल तर मात्र ते काम भाडेकरूचे नव्हे. २०१७ साली झालेल्या भाड्याच्या घरांच्या कायद्याप्रमाणे घर राहण्याजोगे देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. दोष कळवल्यावर त्याने तो वाजवी वेळेत, फार तर तीस दिवसांत, दुरुस्त करावा आणि घरात राहणेच कठीण करणारा दोष असेल तर तीन दिवसांत. तेव्हा गळकी भिंत सुंदर पडद्याने झाकू नये. आधी मालकाला लेखी कळवावे. पडदा नंतर.

आता भिंतींचे. माझी निजायची खोली हीच घरातली ममाद आहे, नऊ चौरस मीटरची. १९९१ च्या आखाती युद्धात आम्ही प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीने खोल्या बंद करून आत बसलो होतो. त्यानंतरच्या काळात नव्या घरांत अशी काँक्रीटची सुरक्षित खोली सक्तीची झाली. पुष्कळ घरांत तीच कोणाची तरी निजायची खोली असते. जाड भिंती, लोखंडी दार, खिडकीला लोखंडी झडप. ह्या खोलीला नटवायचे तर काही पथ्ये आहेत. डोक्यावर फळी नको, काचेची तसबीर नको, जड आरसा नको, कारण हादरा बसला तर तेच अंगावर येणार. दार आणि झडप अडेल असे काही ठेवायचे नाही. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रावर कपडे टांगायचे नाहीत. काँक्रीटमध्ये खिळा जात नाही आणि ह्या खोलीच्या भिंती मनाला येईल तशा भोकलायच्याही नसतात.

एलियाहू हन्नावीची आईची तसबीर काचेची होती. मी ती चौकटीतून काढली, छायाचित्राच्या दुकानात तिची सुती कापडावर प्रत करून घेतली आणि वरच्या कडेला हलकी लाकडी पट्टी शिवून ती काढता येणाऱ्या चिकटपट्ट्यांवर लावली. मूळ तसबीर कपाटात मऊ कापडात आहे. एक सूचना : आपल्याकडे भाड्याच्या घरांना बहुधा स्वस्तातला ‘सिद’ फासलेला असतो, हात लावला तर पांढरी भुकटी लागते. त्यावर पट्टी टिकत नाही किंवा काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते. आधी कपाटाआड एका कोपऱ्यात लावून दोन दिवस पाहावे. जागा स्पिरिटने हलकेच पुसून घ्यावी. काढताना पट्टी आपल्याकडे ओढू नये, भिंतीलगत खाली हळूहळू ताणावी. जखमेवरची पट्टी काढताना कातडीला सांभाळतो, तसेच हे काम.

१३ ते २४ जून २०२५ ह्या इराणबरोबरच्या युद्धाच्या बारा दिवसांत, ह्या खोलीची परीक्षा झाली. नणंदबाईंच्या भाड्याच्या घरात ममाद नाही. इमारतीचे मिक्लात तळघरात, आणि त्यांचे गुडघे तर ठाऊकच आहेत. दुसऱ्या दिवशी भाच्याने त्यांना माझ्याकडे आणून सोडले. खाटेवर त्या, खाली गादीवर मी. भोंगा वाजला की मी लोखंडी दार ओढून घ्यायची, मग दोघी खाटेच्या कडेवर बसायचो. जमिनीजवळचा दिवा तेवढा चालू असायचा. तिसऱ्या की चौथ्या रात्री त्यांचे लक्ष गोधडीकडे गेले. एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘हे लुगडे तुझ्या आजेसासूबाईंच्या इरकलीसारखे दिसते.’’ मी म्हटले, ‘‘ते माझ्या आजीचे आहे, तुमच्या नव्हे.’’ मग कुठले कोणाचे, कुठल्या लग्नातले, नौगावच्या घरात कोण काय नेसत असे, ह्यावर बोलता बोलता दारे उघडायला हरकत नाही असा निरोप कधी आला ते कळले नाही. भीती गेली असे मी म्हणणार नाही. माझे हात गारच होते. पण त्या चार भिंतींत बोलायला काहीतरी होते. रिकाम्या पांढऱ्या भिंतीकडे पाहत बसलो असतो तर आम्ही दोघी फक्त ऐकत राहिलो असतो, बाहेरचे आवाज.

युद्ध थांबल्यावर नणंदबाई आपल्या घरी गेल्या. महिन्याभराने मी गेले तेव्हा त्यांच्याकडे नऊ खोकी उरली होती. दोन उघडली होती. खाटेशेजारी त्यांच्या यजमानांचे छायाचित्र आणि त्यांचा गजराचा घड्याळ. मी काही बोलले नाही. त्यांनीच चहा ओतता ओतता सांगितले, ‘‘ते घड्याळ अजून चालते, वहिनी.’’

भाडेकरूने आपल्या खोलीला काय करावे, ह्याविषयी आपल्या धर्मशास्त्रातही एक नियम आहे. मेझुझा लावणे हे घरमालकाचे काम नव्हे, जो राहतो त्याचे. इस्राएलबाहेर भाड्याच्या घराला तीस दिवसांची सवलत दिली आहे. इस्राएलमध्ये मात्र राहायला आलेल्याने लगेच लावावी. चार वर्षे राहणार की चार महिने, हे विचारलेले नाही. मेझुझा आत शिरताना उजव्या हाताला येते आणि निजायच्या खोलीलाही लागते. ममादच्या लोखंडी चौकटीत खिळा जात नसल्यामुळे मी ती पक्क्या दुहेरी चिकटपट्टीने लावली. आणि नियमाचा दुसरा भाग असा की पुढचा भाडेकरू यहुदी असेल तर जाताना मेझुझा काढून न्यायची नाही, त्याच्यासाठी ठेवून जायची. मला हा नियम फार आवडतो. पडदा, दिवे, गोधडी आणि तसबीर माझ्याबरोबर नव्या घरी येतील, भिंती करारातल्या अटीप्रमाणे पांढऱ्या होतील, आणि दाराच्या चौकटीवर तेवढी मेझुझा राहील.

ज्या वाचक भगिनींची आणि बंधूंची खोकी अजून बांधलेली असतील, त्यांना माझी एकच विनंती आहे. सगळी उघडायची गरज नाही. येत्या शुक्रवारी, शब्बाथचे दिवे लावण्याआधी, एक खोके उघडा आणि त्यातली एक वस्तू अशी निवडा की जी उशीवर डोके टेकल्यावर दिसेल. मोठी नको, महाग नको, काचेची तर नकोच. ती लावा, आणि त्या रात्री वरची ट्यूब बंद ठेवा.